अर्जात नसलेला रकाना

जळगाव-धुळ्यात एखाद्या देवस्थानाने ‘समाजकार्याला मदत देऊ’ म्हटलं, की संस्थावाल्यांना दोन नवस बोलावे लागतात: एक देवाला, एक विश्वस्तांना. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ९ मध्ये धर्मादाय हेतू दिलेत: गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य. फ्लेक्सचा उल्लेख राहून गेलाय, बहुधा टंकलेखकाची चूक.

साक्रीकडच्या पाड्यावर अभ्यासिका चालवणारा कार्यकर्ता फाईल घेऊन येतो. नोंदणी दाखला, तीन वर्षांचं ऑडिट, ऐंशी-जी, चेंज रिपोर्ट, सगळं टाचण्या लावून. विश्वस्त आप्पा फाईल न उघडताच विचारतात, “भाऊ, कोणाकडून आले?” छापील अर्जात हा रकाना नसतो, पण आधी तोच भरावा लागतो. तो भरला की पाच हजार मंजूर! थर्माकोलचा भलामोठा चेक, शाल, नारळ, आणि फोटोत आप्पा मधोमध. एसटीचं भाडं नि झेरॉक्सचा खर्च ज्याचा त्याने.

विश्वस्तहो, पेटीत दहाची नोट टाकणारी बाई फोटो मागत नाही. मदतीचे निकष आणि कुणाला किती दिलं त्याची यादी तेवढी त्या पेटीशेजारी लावा.