आधी डीपीकडे बघा

जयपूरच्या सी-स्कीममध्ये फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी, भर दुपारी, विजेचं काय चाललंय हे कुणी बघतं का? मे महिन्यातल्या रात्रीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. एसी चालू असतात, डीपी उडते, लोक फोन करकरून हैराण होतात, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. पण वीजजाळ्याची नवी परीक्षा त्या फेब्रुवारीतल्या दुपारी आहे. आभाळ निरभ्र, हवा गार, एसी बंद. अशोक मार्गावरची ऑफिसं बंद, बँका बंद. गार हवेत पॅनल उलट अधिक चांगले चालतात. मग छपराछपरांवर तयार होणारी ती वीज जाणार कुठे?

ती जाते गल्लीतल्या डीपीकडे. म्हणजे महावितरणच्या कागदांवर जिला रोहित्र म्हणतात तिच्याकडे.

सी-स्कीमच्या आतल्या रस्त्यांना वळलात की ती दिसते. दोन खांबांच्या मध्ये लोखंडी चौकटीवर ठेवलेली, तेल भरलेली राखाडी पेटी. वरून ११ हजार व्होल्टच्या तीन तारा आत जातात, खालून ४३३ व्होल्टच्या केबली घराघरांकडे निघतात. बाजूला काचेच्या छोट्या बरणीत सिलिका जेलचे निळे खडे. ते गुलाबी पडले की समजायचं, ओलावा पुरेपूर शोषून झाला, आता खडे बदला. रस्त्यावरून जाणाऱ्याला तिच्याबद्दल एवढंच कळतं. दुःख याचं आहे की वीज कंपनीच्या इंजिनिअरलाही बऱ्याचदा याहून फारसं कळत नाही. या क्षणी तिच्यातून किती वीज जातेय, कुठल्या फेजवर किती भार आहे, आणि वीज वरून खाली येतेय की खालून वर चाललीय, हे सांगणारं काही तिथे नसतं.

ही पेटी एका दिशेसाठी बसवली होती. वीज वरून यायची, घरांत जायची. शेवटच्या घरापर्यंत पोचता पोचता व्होल्टेज पडतं, म्हणून जिथे टॅप, म्हणजे बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजची पातळी ठरवणारी जोडणी, बदलायची सोय होती तिथे तो थोडा चढाच ठेवला जायचा. उन्हाळ्यातल्या रात्रीसाठी ते बरोबर होतं. आता भर दुपारी त्याच शेवटच्या घराच्या छपरावरून वीज उलटी येते आणि तिथलं व्होल्टेज पडायच्या ऐवजी चढतं. केंद्रीय वीज प्राधिकरणाचा २०१३चा नियम सांगतो की व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर गेलं, म्हणजे २३० चं २५३ झालं, की सौर इन्व्हर्टरने दोन सेकंदांत जाळ्यापासून वेगळं व्हायचं. नियम योग्यच आहे, लाइनमनचा आणि घरातल्या उपकरणांचा जीव त्यावर अवलंबून आहे. पण याचा अर्थ असा की ऊन सगळ्यात कडक असतं नेमक्या त्याच वेळी पॅनल गप्प बसू शकतो, आणि पैसे भरून तो बसवणाऱ्याला त्याचा पत्ता थेट बिल आल्यावर लागतो.

सरकारचा सगळा जोर छपरावर आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४मध्ये आली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान. मला ही योजना मनापासून आवडते. मध्यमवर्गीय घराला पहिल्यांदाच स्वतःची वीज स्वतः करता येते आहे. त्याच महिन्यात ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली: दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट गेली आणि पाच किलोवॅटपर्यंत जाळं मजबूत करायचा खर्च वीज वितरण कंपनीवर आला. ग्राहकाच्या मागची कटकट गेली, छान झालं. पण ज्या कंपन्या वर्षानुवर्षं तोट्यात राहिल्या, त्या हा खर्च कुठून करणार? छपराच्या अनुदानाचा आकडा प्रत्येक जाहिरातीत असतो. डीपीसाठी किती ठेवलेत, ते एकाही जाहिरातीत नसतं.

राजस्थानचा तर सौरविजेत देशात पहिला नंबर. राजस्थान अक्षय ऊर्जा निगमाचा पत्ता कितीतरी वर्षं युधिष्ठिर मार्ग, सी-स्कीम हाच. भडलाचा २,२४५ मेगावॅटचा सौर पार्क, वाळवंटातून निघणाऱ्या ७६५ केव्हीच्या वाहिन्या, हजारो कोटींचे करार, यांवर भाषणं होतात, फिती कापल्या जातात. डीपीपासून घरापर्यंतच्या अडीचशे मीटर लो-टेन्शन केबलचं उद्घाटन कुणी करत नाही. ग्राहकाचा संबंध मात्र त्या केबलशीच येतो.

आता हिशेब करून बघा. राजस्थान सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात मोफत विजेच्या योजनेतल्या कुटुंबांना दीडशे युनिट मोफत देण्यासाठी त्यांच्या छपरावर पॅनल बसवायचं ठरवलं, घरटी १.१ किलोवॅट. हेतू चांगलाच आहे. पण एका वस्तीत शंभर घरं एकाच १०० केव्हीएच्या डीपीवर असतील तर? शंभर गुणिले १.१, म्हणजे ११० किलोवॅट. प्रत्यक्षात धूळ आणि उष्णतेमुळे थोडी कमी निघेल, पण निघेल ती सगळी एकाच तासाला, आणि तेव्हा घरातली माणसं कामावर गेलेली असतील. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने २०१९च्या विनियमांत एका रोहित्रावरच्या छपरी प्रकल्पांची मर्यादा रोहित्राच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर नेली. मर्यादा वाढवायला हरकत नाही. पण खाली मीटरच नसेल तर ती मर्यादा पाळली जातेय की कागदावर राहिलीय, हे कुणी कशाच्या जोरावर सांगायचं?

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, आणि ते स्वच्छ आहे: घराचा मीटर बदलण्याआधी डीपीला मीटर बसवा.

वीज वितरण सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या २०२१च्या आरडीएसएस योजनेत २५ कोटी ग्राहकांच्या स्मार्ट मीटरांबरोबर सुमारे ५२ लाख डीपींनाही मीटर बसवायचं ठरलं. लोकांच्या दारात आधी कुठला मीटर पोचला? घरातला. साहजिकच लोक संशयाने बघू लागले. महाराष्ट्रात तर २०२४मध्ये सामान्य ग्राहकांसाठी प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. डीपीचा मीटर आधी आला असता, गल्लीतली गळती कुठे आहे, चोरी कुठे आहे, व्होल्टेज का चढतं, हे आधी दाखवलं असतं, तर घरातल्या मीटरला एवढा विरोध झाला नसता असं मला ठामपणे वाटतं.

स्टॅच्यू सर्कलला सवाई जयसिंहांचा पुतळा आहे. तिथून जवळच, जुन्या शहरात, त्यांच्या जंतरमंतरमधलं २७ मीटर उंचीचं सम्राट यंत्र आहे. त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येते, आणि ते जवळपास तीनशे वर्षांपूर्वी बांधलंय. सूर्य मोजायची ही परंपरा ज्या शहराची, त्याने सूर्याची वीज गल्लीच्या पातळीवर मोजून देशाला दाखवावी.

मोजलं की स्वस्तातले उपाय आधी दिसतात. बऱ्याचदा एकाच फेजवर बरीचशी घरं लटकलेली असतात. ती तीन फेजांत नीट वाटायला नवी डीपी लागत नाही, लाइनमनचे दोन दिवस लागतात. जिथे टॅप बदलता येतो तिथे तो ऋतूप्रमाणे बदलता येतो. नव्या इन्व्हर्टरांना व्होल्टेज सावरता येतं, फक्त ती सेटिंग बसवणाऱ्याने चालू करायला हवी आणि वीज कंपनीने तसं सांगायला हवं. एवढं केल्यावरच नव्या डीपीची फाइल पुढे सरकवावी.

रात्रीची बाजू वेगळी. सी-स्कीममध्ये जुने बंगले पाडून बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. तळघरात इलेक्ट्रिक गाड्या येऊ लागल्यात. घरी बसवायचा मोठा चार्जर साडेसात किलोवॅटच्या आसपास, म्हणजे दीड टनाचे चार एसी एकदम चालू केल्यासारखं. मालक ऑफिसातून परत येतो आणि आठ वाजता गाडी लावतो. एकाच इमारतीतल्या दहा जणांनी तसं केलं तर जूनमधल्या रात्री त्या डीपीचं काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि इथेच सी-स्कीमच्या हातात एक गोष्ट आहे. हा ऑफिसांचा भाग. मानसरोवर, वैशालीनगर, प्रतापनगर अशा जयपूरच्या घरवस्त्यांतल्या गाड्या दिवसा इथे येऊन सात-आठ तास उभ्या राहतात, आणि त्याच वेळी छपरांवर वीज तयार होत असते. चार्जर घराच्या तळघरापेक्षा ऑफिसच्या पार्किंगमध्ये हवेत. केंद्राने जून २०२३मध्ये वेळेनुसार दराचा नियम केला: सौर तासांत वीज स्वस्त. महाराष्ट्रात २०२५पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सवलत मिळते. नियम आहे, सवलत आहे. दिवसा प्लग लावायला जागा नाही. महापालिकेने नव्या व्यापारी इमारतीचा नकाशा मंजूर करताना ती जागा सक्तीने मागावी.

मानसरोवरसारख्या घरवस्तीचं गणित उलटं. तिथे दिवसा माणसं नाहीत आणि छपरं भरपूर. तिथली वीज उलटी चढणार. दक्षिण ऑस्ट्रेलियात हे घडून गेलंय. ११ ऑक्टोबर २०२० रोजी, तिथल्या वसंतातल्या एका रविवारी, तासभर राज्याची सगळी मागणी सौरविजेने भागवली, आणि त्यातली तीन चतुर्थांशाहून अधिक वीज घरांच्या छपरांची होती. त्याच्या पंधरवडाभर आधी तिथल्या सरकारने नवे पॅनल गरज पडल्यास दुरून बंद करता येतील अशी अट घातली होती. नंतर ग्राहकापुढे निवड ठेवली: कायम दीड किलोवॅटच निर्यात करा, किंवा एरवी दहा किलोवॅटपर्यंत करा आणि जाळं भरलं की कमी करायला तयार राहा. दुसरी निवड सरळ फायद्याची आहे. पण ती देण्यासाठी जाळं कधी भरतं हे कंपनीला ठाऊक असावं लागतं. पुन्हा मीटरच आला.

आपल्याकडेही दाखवायला आहे. २०२१मध्ये तेव्हाच्या जयपूर जिल्ह्यातल्या, कोटपुतलीजवळच्या भालोजी गावात शेतकऱ्यांसाठीच्या कुसुम योजनेतला देशातला पहिला सौर प्रकल्प सुरू झाला, एक मेगावॅटचा, शेतकऱ्याच्या साडेतीन एकरांवर. या योजनेत प्रकल्प उपकेंद्राच्या पाच किलोमीटरच्या आत हवा. वीज जिथे तयार होते तिथेच खपते, आणि उपकेंद्रावर ती मोजली जाते. महाराष्ट्रातली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच विचारावर उभी आहे. दिल्लीत किलोकरीच्या उपकेंद्रात २०२५मध्ये २० मेगावॅटची बॅटरी लागली, जी दोन तास वीज देऊ शकते. शेताला हा विचार लागू पडतो, दिल्लीतल्या वस्तीला लागू पडतो, तर जयपूरच्या आणि पुण्याच्या गल्लीला का नाही?

पैशाचं बोलायलाच हवं. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे जाळ्यात दिलेली वीज वापरातून वजा होत असल्याने, बिल शून्याजवळ येतं. रात्री मात्र तीच डीपी, तीच केबल, तोच लाइनमन पुरेपूर लागतो. त्यांचा खर्च नाहीसा होत नाही, तो उरलेल्यांच्या युनिटवर चढतो. परकोट्यातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या हवेलीत एका खोलीत भाड्याने राहणाऱ्याला छप्पर नाही, पॅनल नाही, सवलत नाही. बंगल्याच्या जाळ्याचा खर्च त्याने का उचलावा? मंजूर भाराप्रमाणे जाळ्याचं भाडं सगळ्यांनी द्यावं, पॅनलवाल्यांनीही. आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या छपरावरच्या विजेत वाटा घेता यावा. दिल्लीच्या नियामकाने अशा आभासी नेट मीटरिंगची वाट २०१९मध्येच मोकळी केली.

छपरी सौरविजेत गुजरातपाठोपाठ महाराष्ट्र आहे, म्हणजे जयपूरचा प्रश्न कोथरूड आणि नाशिकरोडचाही आहे. दरनिश्चितीच्या सुनावण्या जयपुरात सहकार मार्गावर होतात, तशा मुंबईतही होतात. तिथे प्रतियुनिट किती, यावर तासन् तास बोलणारे पुष्कळ असतात. त्यांच्यातल्या एकाने तरी उठून विचारावं: गेल्या वर्षात किती डीपींना मीटर लागले, आणि त्यांतल्या किती मीटरांचं रीडिंग खरोखर कुणीतरी वाचतं?