इतर परिस्थिती कायम असताना

चिरंजीवांना सहामाहीत बीजगणितात ४०पैकी ११ गुण पडले आणि भूमितीत १४. "भूमितीत सुधारणा आहे," असं तोच म्हणाला. दहावीच्या वर्षात इतक्या थंडपणे बोलणारा मुलगा पाहून सासूबाईंनी देवापुढची समई सारखी केली आणि नवऱ्याने उठून टीव्ही बंद केला. टीव्ही मुळात चालूच नव्हता, हे जरा वेळाने लक्षात आलं.

शिकवणी लावायची ठरली. मला वाटलं होतं, त्यात काय एवढं! डोंबिवलीत स्टेशनातून बाहेर पडून वडापाव हातात येईपर्यंत तीन क्लासच्या पाट्या वाचून होतात. सकाळी पेपर झटकला की बातम्यांआधी पत्रकं पडतात. 'वैयक्तिक लक्ष', 'अनुभवी शिक्षकवृंद', 'मर्यादित जागा'. यातलं मर्यादित जागेचं तेवढं आमच्या गावात कशाच्याही बाबतीत खरं असतं.

पहिला क्लास स्टेशनसमोर, तिसऱ्या मजल्यावर. जिनाभर गुणवंतांचे फोटो. दोन वेण्यांची एक मुलगी ओळखीची वाटली, कारण समोरच्या क्लासच्या फ्लेक्सवरही तीच हसत होती. एवढे गुण मिळवून शिवाय दोन क्लासना पुरून उरायचं म्हणजे कमालच. काचेच्या केबिनमध्ये काउन्सेलर मॅडम होत्या. त्यांनी वैयक्तिक लक्षाचा अर्थ सांगितला: ६० मुलांची बॅच आणि प्रत्येक वर्गात दोन कॅमेरे.

"फी ४८,००० फक्त. प्लस जीएसटी."

"म्हणजे एकूण?"

मॅडम कॅल्क्युलेटर शोधू लागल्या. इतका वेळ एसीच्या झोताखाली केस सरळ करत बसलेले चिरंजीव म्हणाले, "छप्पन्न हजार सहाशे चाळीस."

मी त्याच्याकडे पाहिलं. मॅडमनीही पाहिलं.

"सीजीएसटी नऊ टक्के, एसजीएसटी नऊ. धडा आहे ना आम्हाला."

अकरा गुणांच्या कुठल्या कोपऱ्यात हे दडलं होतं कोण जाणे. क्लासने प्रवेशाआधीच एक गणित सोडवून घेतलं होतं. तेही फुकट! मी आनंदाने उठले. "बघा, पोटेन्शियल आहे!" मॅडम जिन्यापर्यंत सांगत आल्या.

मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या भाच्याच्या मित्राचं नाव आलं. इंजिनिअरिंगचा मुलगा, घरी येऊन शिकवणार, तासाला ४००. मुलगा सालस. आला की "काकू, पाणी," म्हणायचा, आणि मी पाण्याबरोबर पोहेही द्यायची. अडचण एवढीच, की त्याला साधं वर्गसमीकरण दिलं की तो त्याचा आलेख काढायचा, मग त्या आलेखाचं डेरिव्हेटिव्ह काढायचा, आणि उत्तर येईपर्यंत तास संपायचा. "हे दहावीला नाहीये, दादा," चिरंजीव नम्रपणे सांगायचे. तिसऱ्या आठवड्यात दादा म्हणाला, पुढचे पंधरा दिवस जमणार नाही, परीक्षा आहे. कसली? खाली मान घालून म्हणाला, "एम-थ्रीची केटी." गणिताचीच. सासूबाईंनी त्याला जाताना हातावर दही घातलं. तो पास झाला असं ऐकलं. आमच्याकडे फिरकला नाही.

सर सापडले ते दळणामुळे. गिरणीत माझ्या डब्यामागे डबा लावून उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "आमचे हे शिकवतात की. रिटायर झाले तरी खुमखुमी आहे."

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. कॉटवर सर, भिंतीवर हातभर फळा, फळ्याखाली खडूची पांढरी रेघ. सरांनी मला काही विचारलं नाही. चिरंजीवांना विचारलं, "श्रेढी झाली का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो सेमी-इंग्लिशचा. त्याला ए.पी. माहीत होती, श्रेढी नव्हती. सरांना गंमत वाटली. म्हणाले, "अरे, भास्कराचार्यांचा शब्द आहे. लीलावतीत श्रेढीव्यवहार म्हणून प्रकरणच आहे. सन ११५०." सर मूळचे चाळीसगावकडचे, त्यामुळे गाडी जवळच्या पाटण्याच्या शिलालेखावर गेली: भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याला देणगी मिळाली, ते सगळं दगडात कोरून ठेवलंय. "म्हणजे क्लासच काढला. फ्लेक्स तेवढा दगडाचा." मग खाली उतरून त्यांनी फळ्यावर ५, ८, ११ लिहिलं आणि खडू चिरंजीवांच्या हातात दिला. पंधरा मिनिटांनी तो विसावं पद काढत होता आणि मी चपलांशेजारच्या स्टुलावर बसून फीचा विषय कसा काढावा याचा विचार करत होते.

"८०० द्या महिन्याला."

इथे मला सांगितलं पाहिजे, की मी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाले आहे. इतर परिस्थिती कायम असताना, किंमत कमी झाली की मागणी वाढते. त्याचे अपवादही मी परीक्षेत लिहिले होते, आणि त्यात एक असा, की चढी किंमत म्हणजे चांगला माल असा गिऱ्हाइकाचा भ्रम असतो. त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले असणार. पण ८०० ऐकताच पोटात गोळा आला. आठशेत काय शिकवणार? आणि लोकांना काय सांगू?

"सर, निदान तीन हजार तरी घ्या."

"कशाला?"

"बरं, दोन."

"आठशे पुष्कळ झाले."

"पंधराशे. शेवटचं."

सरांच्या बाई आतून चहा घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या. भाजीवाल्याशी चार रुपयांसाठी हुज्जत घालणारी मीच. ही उलटी घासाघीस माझ्याच तोंडून चालली होती. बाराशेवर तुटलं. सर म्हणाले, "बाहेर तीन सांगा हवं तर. माझं काय जातं?"

सांगितले. लिफ्टमध्ये, एकदाच, आणि तेही विचारलं म्हणून. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या मंजिरीची आई सरांकडे तीन हजारांचं पाकीट घेऊन हजर. "तेवढं बसवून घ्या!" तिच्यामागे आणखी दोघी. सर नाही-नाही म्हणत राहिले. त्याचा अर्थ जागा नाही असा निघाला आणि रांग लांबली. दिवाळीनंतर कॉट उभी करून भिंतीला टेकवावी लागली. दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि त्यावरून शेजाऱ्यांची तक्रार.

एका संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "सरांचं बरं चाललंय. जीएसटी लागेल आता त्यांना."

"नाही लागणार," भाताला खड्डा करत चिरंजीव म्हणाले. "वीस लाखांच्या आत आहे. चौदा जण आहोत. तेरा जणांचे तीन हजार आणि आपले बाराशे. बारा महिने धरले तरी चार लाख ब्याऐंशी हजार चारशे."

मी फोन टेबलाखाली धरून हळूच ताडून पाहिलं.

"आई," तो वरणाचं भांडं पुढे ओढत म्हणाला, "जेवताना मोबाईल नाही."