दुर्बिणीखालचा खर्च

आकाशाचे फोटो काढायचे म्हटलं की आधी दुर्बीण कुठली घ्यायची ते ठरवायचं, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. दुर्बिणीचा नंबर दुसरा. आधी माउंट. म्हणजे दुर्बीण जिच्यावर बसते आणि जी तिला ताऱ्यामागे तसूतसूने वळवत नेते, ती जड, वंगण लावलेली, मोटर बसवलेली वस्तू. आमच्या घरात तिला स्टँड म्हणतात.

"अहो, स्टँड दुर्बिणीपेक्षा महाग?" बायकोने विचारलं.

"हो."

"आणि त्यातून दिसतं काय?"

"त्यातून काही दिसत नाही."

सासरेबुवा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि फक्त "बरं" म्हणाले. जावयाबद्दलची सगळी मतं ते या एकाच शब्दात मांडतात.

दोष खरं तर पृथ्वीचा आहे. ती 23 तास 56 मिनिटांत स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आकाश दर सेकंदाला 15 विकला सरकतं. एका अंशात 3600 विकला, म्हणजे ऐकायला हे काहीच नाही. पण 400 मिलिमीटरच्या छोट्या दुर्बिणीला कॅमेरा लावला की एका सेकंदात तारा सात-आठ पिक्सेल पुढे गेलेला असतो. आणि तेजोमेघाचा फोटो एका सेकंदात येत नाही. शटर तीन-तीन मिनिटं उघडं ठेवावं लागतं आणि तेवढा वेळ माउंटने एक-दोन विकलांपेक्षा जास्त चूक करायची नाही. केली तर ताऱ्यांच्या शेवया होतात.

सगळ्यात स्वस्त माउंट डॉब्सनचा. जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या रामकृष्ण परंपरेच्या वेदान्त मठात संन्यासी होता. त्याने पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवुडची पेटी वापरून मोठमोठ्या दुर्बिणी केल्या आणि त्या फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला शनी दाखवला. ही रचना संन्याशालाच सुचायची. बघा, आनंद घ्या, सोडून द्या. फोटो काढून जवळ ठेवणं ही गृहस्थाश्रमी वासना, आणि साधा डॉब्सोनियन तिला अजिबात दाद देत नाही.

मग ऑल्ट-अझिमुथ. वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, मोटरसकट. मेव्हण्याने इथे हरकत घेतली. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना याच पद्धतीने वळतात, आयुकाची गिरवलीची दोन मीटरची दुर्बीणही तशीच. "त्यांचं भागतं, आणि तुझं भागत नाही?" नाही भागत. असा माउंट तारा मधोमध धरतो, पण तोवर आजूबाजूचं सगळं चित्र त्या ताऱ्याभोवती गोल फिरत राहतं. गिरवलीसारख्या ठिकाणी कॅमेराच उलट फिरवायची सोय असते. मेव्हणा म्हणाला, मग तूही फिरव. तो आयटीत आहे.

म्हणून विषुववृत्तीय माउंट. याचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर लावला की एकाच मोटरने काम भागतं. जर्मनीच्या फ्राउनहोफरने 1824 साली दोर्पातच्या वेधशाळेसाठी या जातीचा माउंट केला आणि तो फिरवायला घड्याळाचं यंत्र जोडलं. अजूनही जग तेच वापरतं. समांतर लावायचा म्हणजे ध्रुवतारा शोधायचा. माझ्या लग्नात गुरुजींनी भर दुपारी हॉलच्या पंख्याकडे बोट दाखवून ध्रुवदर्शन करवलं होतं, तेवढ्यावर पोलर अलाइनमेंट होत नाही. शिवाय ध्रुवाचं अढळपद पुराणापुरतंच. प्रत्यक्षात तो खगोलीय ध्रुवापासून पाऊण अंशापेक्षा थोडा कमी, तरी पूर्ण चंद्राच्या रुंदीहून जास्त लांब आहे, आणि त्याच्याभोवती मुकाट फेऱ्या मारतो. डोंबिवलीतून तो क्षितिजाच्या जेमतेम 19 अंश वर दिसतो. आमच्या गच्चीवर नेमकी उत्तरेला पाण्याची टाकी आहे. वास्तुशास्त्रावर माझा विश्वास नाही, पण त्याप्रमाणे टाकी नैऋत्येला बांधली असती तर ध्रुव दिसला असता.

या 19 अंशांचा दुसरा जाचही आहे. बरेच माउंट 40-50 अंश अक्षांशांवरच्या गिऱ्हाइकांना डोळ्यांपुढे ठेवून केलेले वाटतात. इथे त्यांचा आस जवळजवळ आडवा होतो आणि काउंटरवेटचा दांडा तिपाईच्या पायावर आपटतो. काउंटरवेट म्हणजे पाच-पाच किलोचे लोखंडी गोळे. दुर्बिणीला तोल म्हणून ते लावायचे आणि अंधाऱ्या आकाशासाठी वांगणीला जायचं तर कर्जत लोकलमधून खांद्यावर न्यायचे. स्टेशनवर पिशवी तपासणाऱ्या हवालदाराने विचारलं, "व्यायामाचं?" मी हो म्हटलं. तसं ते खोटंही नव्हतं.

वजनाच्या आकड्यांवर तर मुळीच जाऊ नये. माहितीपत्रकात 20 किलो पेलतो असं लिहिलेलं असतं, तो सुपर बिल्टअप एरिया. फोटोसाठी कार्पेट एरिया त्याच्या निम्मा धरायचा. कॅमेरा, मार्गदर्शक दुर्बीण, तिचा वेगळा कॅमेरा, दव पडू नये म्हणून हीटर, वायरी, हे सगळं त्यातच बसवायचं. असा 20 किलोचा माउंट स्वतः तिपाईशिवाय सतरा किलोंच्या वर भरतो आणि आमची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही.

शेवटी पारडं हार्मोनिक ड्राइव्हच्या माउंटकडे झुकलं. लवचिक दातेरी वाटी, तिच्याबाहेर कडं, काउंटरवेट बहुधा लागतच नाही, वजन पाचेक किलो. चूक मात्र तो जुन्या माउंटांतल्या वर्म गिअरपेक्षा जास्त करतो. म्हणून एका ताऱ्यावर सतत नजर ठेवून दर दोन-तीन सेकंदांनी माउंटची चूक दुरुस्त करणारा गाइड कॅमेरा हवाच हवा. हार्मोनिक ड्राइव्हची हीच यंत्रणा 1971 साली चंद्रावर फिरलेल्या अपोलोच्या गाडीच्या चाकांत होती, हे मी सासरेबुवांना मुद्दाम सांगितलं. चंद्रावरचे खड्डे सोसले म्हणजे डोंबिवलीचे सोसायला हरकत नाही, असं त्यांचं मत पडलं. बायकोने पाठीच्या डॉक्टरांच्या फीची बेरीज केली आणि परवानगी मिळाली. ती मिळाली जूनच्या पहिल्या आठवड्यात. आता ऑक्टोबरपर्यंत स्टँड हॉलमध्ये उभं आहे आणि त्यावर ओले टॉवेल वाळतात.

तुम्हीही या नादाला लागणार असाल तर पैसे आधी माउंटवर घाला, उरले तर दुर्बीण घ्या. नाहीच उरले तर माझी दुर्बीण न्या, हवे तितके दिवस ठेवा. माउंट मात्र मागू नका.