दीड फेरा

नागपुरात रस्त्याच्या कडेला मोटरसायकलशेजारी उकिडवं बसलेल्या माणसाला एकटं सोडणं हा असभ्यपणा समजला जातो. पाच मिनिटांत कुणीतरी येतं, कमरेवर हात ठेवून उभं राहतं आणि विचारतं, "काय झालं जी?" काही झालेलं नसलं तरी काहीतरी झालंय असं कबूल करावं लागतं, नाहीतर तो हलत नाही. ही माणुसकी एरवी मला आवडते. पण माझ्याकडे राजदूत ३५० आहे, तिला दोन कार्ब्युरेटर आहेत, आणि कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग हे कानानं करायचं काम आहे. त्याला मोकळा कान लागतो. तो आमच्या गावात मिळत नाही.

ही गाडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ज्यांना माहीत आहे ते माझं ऐकणार नाहीतच, मध्येच तोडून स्वतः सांगायला लागतील. एस्कॉर्ट्स कंपनीनं १९८३ साली यामाहाची ही टू-स्ट्रोक भारतात बनवायला घेतली. दोन सिलेंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. सुरुवातीच्या गाड्यांची ताकद साडेतीस अश्वशक्ती होती, तेव्हाची बुलेट अठराच्या आसपास घुटमळत होती. ब्रेक मात्र पुढचाही ड्रमचाच दिला. म्हणजे पळायची सोय यामाहाची आणि थांबायची रामभरोसे. पोरांनी तिचं 'रॅपिड डेथ' असं बारसं केलं ते उगीच नाही. पेट्रोल इतकं प्यायची की कंपनीनं पुढे ताकद सत्तावीसवर आणली, तरी गिऱ्हाईक वळेना. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. तिच्या जाहिरातीचा मथितार्थ असा होता, की एकदा टाकी भरा आणि गाडीला विसरून जा. माझ्या गाडीला विसरलं तर ती भर व्हरायटी चौकात आठवण करून देते.

माझ्याकडे ती मामाकडून आली. ती घेऊन जाणार असशील तर सोबत एक कपाटही देते, असं मामी म्हणाली, आणि तिनं शब्द पाळला.

जुने कार्ब्युरेटर झिजले होते. आतला स्लाइड, ज्याला मिस्त्रीलोक पिस्टन म्हणतात, खुळखुळायला लागला की बाजूनं फुकटची हवा शिरते आणि स्लो काही केल्या टिकत नाही. सिग्नलला एकतर गाडी गचकन बंद पडते, नाहीतर आपोआप अशी रेस होते की शेजारचा रिक्षावाला आपल्याला शर्यतीचं आव्हान समजतो. तेव्हा दिल्लीच्या करोल बागेतून नवी जोडी मागवली. किंमत नाकापेक्षा मोती जड अशी होती. डब्यावर जपानी नाव होतं. आतल्या माहितीपत्रकातलं इंग्रजी मात्र जपानात कुणी लिहिलं असेल असं वाटत नव्हतं.

इतवारीतल्या आमच्या उस्तादांनी दोन्ही कार्ब्युरेटर तळहातावर घेऊन हलवून पाहिले, फुंकून पाहिले, एकाचा वास घेतला. "जोडी आहे म्हणता?" म्हणाले. "चेहरा तं सारखा आहे. स्वभाव पाहू."

स्वभाव जुळवायची रीत सांगतो. एक्सिलरेटरची वायर मुठीतून एकच निघते आणि वाटेत तिच्या दोन होतात, एकेका कार्ब्युरेटरला एकेक. दोन्हीकडचे स्लाइड एकाच क्षणी उचलले गेले पाहिजेत. केसभर मागेपुढे झालं तरी एक सिलेंडर कामाला लागतो आणि दुसरा आढेवेढे घेतो. उस्तादांच्या भाषेत, एक बैल वढून राहिला आणि दुसरा शेपटी हालवून राहिला. हे तपासायला इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचे रबर काढायचे, दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडात एकेक बोट घालायचं आणि दुसऱ्या कुणीतरी मूठ अलगद पिळायची. दुसरं कुणीतरी म्हणजे माझी मुलगी. तिच्या एका हातात मूठ आणि दुसऱ्यात मोबाइल.

"बाबा, आता?"

"डावा आधी उचलला."

"आता?"

"आता उजवा."

"दोघं सोबत नाही उचलले तर काय होते?"

"गाडी थरथरते."

"ती तं नेहमीच थरथरते."

या युक्तिवादाला यामाहाच्या मॅन्युअलमध्ये उत्तर नाही.

मग जेट आणि सुई. सुईच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि त्यातल्या एकीत बारीकशी क्लिप बसवलेली असते. ती क्लिप वरच्या खाचेत नेली की सुई खाली उतरते आणि पेट्रोल कमी होतं. क्लिप खाली आणली की सुई वर जाते आणि पेट्रोल वाढतं. एअर स्क्रू आत पिळला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं, बाहेर काढला की घटतं. म्हणजे वर म्हणजे कमी, खाली म्हणजे भरपूर, आत म्हणजे जास्त. ज्यानं मंत्रालयात एखादी फाइल फिरवली आहे त्याला हे लगेच समजतं. बाकीच्यांनी पाठ करावं. एअर स्क्रू पूर्ण आत पिळायचा आणि मग दीड फेरा बाहेर काढायचा, ही सुरुवात. तिथून पुढे कान.

जानेवारीतल्या सकाळी मी गेटपाशी गाडी चालू करून दोन्ही सायलेन्सरच्या मागे दोन तळवे धरून बसलो होतो. दोन्हीकडून येणारा भपका सारख्या जोराचा आहे का, हे हातालाच कळतं. समोरच्या आजी देवपूजेची फुलं घेऊन चालल्या होत्या. थांबल्या. "शेकून राहिला का रे? घरात शेगडी नाही का?" म्हणाल्या. मी मान हलवली, तर संध्याकाळी त्यांच्याकडून गोवऱ्या आल्या.

त्यांच्या पाठोपाठ शेजारचे सार्जंट काका आले. वायुसेनानगरातून निवृत्त झालेत आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक छोटा पेचकस बाळगतात. ते येतात, ऐकतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "पाव फेरा." कुठल्या दिशेला ते विचारायच्या आत त्यांनी दिलेला असतो. काका गेले की दूधवाला येतो. त्याच्या भावाकडे पूर्वी यामाहा आरएक्स १०० होती, तेवढ्या अधिकारावर तो उरलेला पाव फेरा देतो. एका सकाळी पेपरवाल्यानं तर सायकलवरून न उतरताच निदान केलं, "डाव्या साइडचा प्लग." अपमान असा की प्लग डाव्या साइडचाच होता.

तरी फेब्रुवारीपर्यंत गाडी अशी काही जमून आली, की अंबाझरीच्या रस्त्यानं जाताना तिचा आवाज ऐकून एका म्हाताऱ्या गृहस्थानं फिरणं थांबवून मला सलाम केला. त्यांनी कधीतरी ही गाडी विकली असणार. तो सलाम मला नव्हता, हे मला समजत होतं.

आणि मग उन्हाळा आला.

याबाबतीत मात्र सार्जंट काकांचं ऐकण्यासारखं असतं. पिस्टन इंजिनाच्या विमानात, ते सांगतात, मिश्रण दाट-पातळ करायचा दांडा पायलटच्या हाताशीच असतो. वर जावं तशी हवा विरळ होते, म्हणून पेट्रोलही कमी करत न्यायचं. आता नागपूरची उंची जेमतेम तीनशे मीटर. पण हवा तापली तरी विरळच होते, आणि तापण्याच्या कामात आम्ही कुणाला हार जात नाही. २०१८ च्या डिसेंबरात इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ वर चढला होता. त्या डिसेंबरातल्या लिटरभर हवेत जेवढा प्राणवायू, त्याच्या सातवा हिस्सा या मेमध्ये गायब. कार्ब्युरेटरला थर्मामीटर वाचता येत नाही. त्याच्या हिशेबानं नागपूर शहर दरवर्षी उन्हाळ्यात उचलून महाबळेश्वराहूनही उंच नेऊन ठेवलं जातं. थंडीत बसवलेला जेट तिथे भसाभसा पेट्रोल ओततो, प्लगवर काजळी धरते, गाडी गळा धरल्यागत बोलते. जेट बारीक करावा, तर पुढच्या थंडीत मिश्रण कोरडं पडून पिस्टन जाम व्हायची भीती. टू-स्ट्रोकला पेट्रोलातूनच तेल मिळतं किंवा पेट्रोलासोबत, त्यामुळे उपाशी ठेवली तर ती रुसून बसत नाही, सरळ जीव देते.

यात इथेनॉलची भर. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि देशभर त्याचा जो बोलबाला झाला त्यात आमच्या गावचा वाटा काही कमी नाही. हे इथेनॉल स्वतःच्या पोटातून प्राणवायू घेऊन येतं, म्हणजे मिश्रण आपसूक पातळ होतं आणि जेट एक नंबर मोठा लागतो. ऊन म्हणतं जेट लहान कर, पंप म्हणतो मोठा कर. नव्या गाड्यांना या भानगडी नाहीत. २०२० साली बीएस-सिक्स आल्यापासून फ्यूएल इंजेक्शन आणि सेन्सर आपापसांत बोलून घेतात, मालकाला विचारतसुद्धा नाहीत. मला अशा गाडीवर बसवलं तर मी काय करावं?

"मे मध्ये मेचं ट्यूनिंग," उस्ताद म्हणाले. "लोकं कूलर काढते ना? तसे जेट काढाचे." आणि उन्हाळ्याचे जेट बसवून हिवाळ्याचे त्यांनी औषधाच्या रिकाम्या डबीत घालून दिले. "आता प्लग पाहून या. लांब रस्त्यावर."

प्लग पाहणं हा ट्यूनिंगचा शेवटचा अंक. मोकळ्या रस्त्यावर मूठ पूर्ण पिळून गाडी काही वेळ पळवायची, आणि तशीच धावती असताना इंजिन बंद करून क्लच दाबायचा. गाडी घरंगळत थांबली की प्लग काढून रंग बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे कमी. कॉफीचा रंग आला की गंगेत घोडं न्हालं. मी पहाटे पाचला वर्धा रोडनं निघालो, जामठ्याचं स्टेडियम मागे टाकलं, मूठ पिळली. सहा हजारांच्या पुढे ती गाडी जे काही करते ते लिहिता येत नाही. मामी का कपाट देते ते तिथे कळतं. इंजिन बंद केलं, कडेला थांबलो, फडक्यानं धरून दोन्ही प्लग काढले. दोन्ही कॉफी. डावा आणि उजवा, रंगात तसूभर फरक नाही. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी ते दोन प्लग उगवतीकडे धरून मनसोक्त बघितले, परत बसवले आणि किकवर पाय ठेवला.

"पेट्रोल संपलं का जी?"

मागे स्प्लेंडर. तिच्यावर एक गृहस्थ, डोक्याला, तोंडाला आणि दोन्ही कानांना दुपट्टा गुंडाळलेले.

"नाही हो. गाडी चालू आहे."

"हौ हौ. होते असं. बसा, पाय लावतो."

"अहो, मी मुद्दाम बंद केली आहे."

"लाजाचं काय त्याच्यात? बसा जी."

त्यांनी माझ्या फूटरेस्टला पाय लावलासुद्धा. साडेतीस अश्वशक्तीची गाडी, दीड क्विंटलचं धूड, शंभर सीसीच्या जोरावर बुटीबोरीच्या दिशेनं निघालं. गिअर टाकून क्लच सोडला असता तर ती एका क्षणात सुरू झाली असती. पण इतक्या भल्या माणसाच्या पायाखालून गाडी काढून घ्यायची म्हणजे ते पडलेच असते. वाटेत दोन ट्रकवाल्यांनी माझ्याकडे हळहळून पाहिलं. पंप आला. त्यांनी मला थेट मशीनसमोर नेऊन उभं केलं आणि हाताचा घाम पुसला.

पंपावरच्या पोरानं टाकीचं झाकण उघडलं, आत बघितलं, मग आम्हा दोघांकडे बघितलं.

"टाकी तं फुल हाय."

स्प्लेंडरवाल्यांनी दुपट्टा सोडला, गाडीला एक फेरी मारली आणि उजव्या कार्ब्युरेटरपाशी उकिडवे बसले.

"मग कचरा असंन जी," ते म्हणाले. "पेचकस आहे का?"