कार्पेट किती?

साहेबांना सोमवारी सकाळी सिस्टीमची आकृती हवी होती. चौदा कंटेनर, कोण कोणाशी बोलतो ते बाणांनी दाखवायचं. शाळेत मी काढलेला हत्ती बाईंनी किटली समजून पास केला होता, तेव्हा हाताने काढायचा प्रश्नच नव्हता. डॉकर कम्पोझची यॅमल फाईल वाचून आकृती काढणारा एक प्रोग्राम मिळाला. फाईलीत ज्याच्या नावाखाली 'डिपेंड्स ऑन' लिहिलंय त्याचा बाण तो ओढतो. चौकटींची मांडणी ग्राफविझ करतं. पहिल्यांदा काहीच उमटेना. मी स्पेसऐवजी टॅब दाबला होता, आणि यॅमलला टॅब म्हणजे श्रावणात कांदा.

शनिवारी दादरला मोठ्या कागदावर प्रिंट मारली आणि सुरळी काखोटीला मारून लालबागला चाळीत शिरलो. तीच चूक झाली. आमच्याकडे सुरळी म्हणजे पुनर्विकास! जिना चढेपर्यंत गॅलरी भरली.

"आमची खोली कुठली रे?" आजींनी 'डेटाबेस'वर बोट ठेवलं. "ही ऐसपैस दिसते."

"बीडीडी चाळींत 160 फुटांच्या खोलीमागे 500 फूट देतायत," शेजारचे काका म्हणाले. "आपल्याला कार्पेट किती?"

मी समजावलं की ही माणसांची घरं नव्हेत. कोणाचाही विश्वास बसला नाही. काकांनी चष्मा वर सरकवून कोपऱ्यातली एक चौकट हेरली. तिला ना बाण येत होता, ना जात होता.

"आणि हा कोण? कोणाशी बोलत नाही?"

"रेडिस. जुनं काहीतरी असणार. काढून टाकणार."

"विचारलंस का त्याला?"

मी हसलो. सोमवारी मीटिंगमध्ये ती चौकट दाखवून "इथे बचत आहे" म्हणालो, टाळ्या घेतल्या आणि पावणेबाराला तो कंटेनर उडवला. बाराला ग्राहकांचे ओटीपी जायचे थांबले. सगळे ओटीपी त्याच्याच रांगेतून जात होते; पण त्याचा पत्ता एन्व्हायर्नमेंटच्या एका ओळीत, 'रेडिस होस्ट' म्हणून लिहिलेला. प्रोग्रामच्या लेखी ती नुसती अक्षरं, मग बाण कसला? फाईल मीही वाचली नव्हती. वाचायला लागू नये म्हणून तर आकृती!

संध्याकाळी सुरळी परत आणली, गॅलरीत पसरली आणि लाल पेनाने त्या चौकटीला नऊ बाण हाताने काढले. सगळे वाकडे. काका शेजारी उकिडवे बसून बघत होते.

"म्हणजे त्याला कोपऱ्यातली जागा मिळाली तर," ते म्हणाले. "ओळख कोणाची लावली?"