सभागृह भाड्याने घेणाऱ्या समस्त मंडळांस अनावृत पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि पत्रिकेत नाव शेवटच्या ओळीत गेलं म्हणून रुसलेले सहसचिव,
सर्व मंडळं, समाज, संस्था व समित्या, धार आणि देवास.



आपल्या कार्यक्रमांना मी नेमाने येतो, तेही बहुतेक वेळा पासावर. तेव्हा खाल्ल्या मिठाला जागून हे आभाराचं पत्र.

पहिले आभार सहीचे. सभागृहाच्या अर्जामागे बारीक टायपात छापलेल्या अटी आपण वाचत नाही, आणि ते योग्यच आहे. कारण सही करणारे गृहस्थ कार्यक्रमाच्या दिवशी गावात नसतात. सही सचिवांची, पैसे कोषाध्यक्षांचे, किल्ली कुणाच्या तरी भाच्याकडे आणि जबाबदारी चौकीदाराची, अशी कामाची चोख वाटणी आपण करून ठेवली आहे. अनामत रक्कम परत घेण्यासाठी असते, हा जुनाट समजही आपणच मोडीत काढलात. ती मोडतोडीची आगाऊ किंमत आहे. एकदा भरली, की खुर्च्यांचे हात, विंगांचं कापड आणि ग्रीनरूमचा आरसा सगळं आपलंच.

एका स्नेहसंमेलनानंतर मी मुद्दाम रंगमंचावर चढून पाहिलं होतं. मागच्या फळीत फ्लेक्ससाठी ठोकलेले खिळे तसेच होते; एक उपटायला कुणीतरी गेलं असावं, तो वाकून आत रुतला होता. पुढे मधोमध समईचं तेल सांडलेलं. त्यावर रांगोळी पडलेली आणि त्यावरून बक्षिसं घ्यायला आलेली सगळी पोरं चालून गेलेली. तेल आणि रांगोळी मिळून जो राखाडी लेप लाकडात मुरतो, तो फडक्याने निघत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर एका मुलीचं कथक होतं. तिच्या गुरूंनी येऊन पायाने फळी चाचपली आणि तिला दोन हात मागे उभं केलं. दीपप्रज्वलन झालं की समईखाली ताट ठेवावं, एवढी साधी गोष्ट आहे. पण ताटात हार असतात, आणि हार पाहुण्यांपेक्षा जास्त असतात.

वेळेबद्दल तर काय बोलावं! सभागृह 3 तासांसाठी घेतलं, तर त्यातला पहिला तास साउंडवाल्याची वाट पाहण्यात आणि दुसरा प्रमुख पाहुण्यांची वाट पाहण्यात जातो. उरलेल्या तासात सत्कार. नाटकाला वेळ उरत नाही, याला कुणाचाच इलाज नाही. धारमध्ये 1903 साली एक शिळा सापडली. तेराव्या शतकात अर्जुनवर्म्याच्या राजवटीत मदन कवीने लिहिलेली ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका तिच्यावर कोरलेली आहे. चार अंकांपैकी पहिले दोनच तिच्यावर आहेत. पुढचे दोन अजून मिळालेले नाहीत. विद्वान काहीही म्हणोत, मला वाटतं पहिल्या दोन अंकांनंतर मान्यवरांचे मनोगत झाले असणार.

आणि देवासकर हो, या गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं होती. दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. तरी गाव चाललं. त्याच गावात सकाळचं मंडळ आणि संध्याकाळचं मंडळ यांना एका सभागृहाची किल्ली एकमेकांना देता येत नाही. सकाळच्यांचा मंडपवाला दुपारी 4 पर्यंत जेवत असतो आणि संध्याकाळच्यांचं नेपथ्य टेम्पोत उन्हात तापत असतं.

ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आपल्याला तोंडपाठ आहेत, विशेषतः त्यांतली सवलत. रात्री 10 नंतर बंदिस्त सभागृहात आतल्या आत ध्वनिक्षेपक चालतो. आपण दारं सताड उघडी ठेवता आणि एक भोंगा बाहेरच्या झाडाला बांधता. हवा मानवेल म्हणून कुमार गंधर्व 1948 साली देवासला राहायला आले होते. आज त्याच हवेतून आपलं आभारप्रदर्शन चार गल्ल्या पलीकडे पोहोचतं.

नाटक बसवताना लेखकाची परवानगी आणि मानधन ही कटकट आपण कधी करत नाही. कायद्याने लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो. पु. ल. 2000 साली गेले, म्हणजे 2060 संपेपर्यंत वारसदारांना विचारावं लागेल. फुकटच हवं असेल तर देवल घ्या, गडकरी घ्या. 1916 आणि 1919 साली गेलेली माणसं कुणाकडे पैसे मागायला येत नाहीत. पण ‘संशयकल्लोळ’ला पाठांतर लागतं, ही अडचण मी समजू शकतो.

आता एका गोष्टीपुरता उपरोध बाजूला ठेवतो. गर्दी वाढली की आपण प्लास्टिकच्या खुर्च्या मधल्या वाटेत लावता, आणि जागा पुरेनाशी झाली की बाजूच्या दारापाशी. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत 59 माणसं गेली. तिथेही बाल्कनीत वाढीव खुर्च्या घालून बाहेर पडायची वाट अडवलेली होती. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तिथे प्रेक्षक नव्हते, एवढंच नशीब. आपण मात्र हाउसफुल्लचा फोटो काढतो तेव्हा त्यात ते बाजूचं दार दिसतच नाही, कारण त्याच्यापुढे कचोरीचे ट्रे असतात.

मुंबई-पुण्याची नाटकं बहुतेक इंदूरला येतात आणि तिथूनच परत जातात. आमच्याकडे का येत नाहीत, असं आपण दर प्रास्ताविकात विचारता. कधीतरी एखाद्या नेपथ्यवाल्याला आपल्या रंगमंचावर अनवाणी चालवून पाहा.

मागणं फार नाही. अर्जावर ज्यांची सही आहे, त्यांनी त्या दिवशी गावात राहावं, आधी बाजूचं दार उघडून पाहावं आणि शेवटची बत्ती विझेपर्यंत थांबावं. रात्री साडेअकराला खिळे वेचणाऱ्या चौकीदाराला सायकलने घरी जायचं असतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दहाव्या रांगेतला एक प्रेक्षक