मग बघू

आमचे साडू कोकणात जायचं ठरवत नाहीत. ठरवून केलेला प्रवास म्हणजे बदलीची ऑर्डर, असं त्यांचं मत. शनिवारी पहाटे पाचला फोन येतो, ‘खाली या, गाडी चालूच ठेवलीय,’ आणि माणसं मोजे हातात घेऊन जिना उतरतात. कुठे जायचं हे विचारायचं नसतं. ‘समुद्र लागेपर्यंत पश्चिमेला, मग डावीकडे. पुढचं मग बघू.’ नोकरी मात्र एका कारखान्याच्या नियोजन विभागात. तिथे ते पुढच्या तिमाहीचे तक्ते तीन रंगांच्या पेनांनी भरतात.

मागच्या सीटवर ताई, म्हणजे आमच्या थोरल्या मेव्हणीबाई. त्यांच्या पिशवीत दशम्या, लसणीची चटणी, उलटीच्या गोळ्या, टॉर्च आणि साडूंचा जादा पायजमा. ‘आपण काहीच घेतलं नाही बघा, कसं मोकळं वाटतंय!’ साडू ताम्हिणीत दशमी खात म्हणाले.

माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत बागमांडल्याला आलो आणि सावित्री आडवी आली. या किनाऱ्यावर बेफिकिरीला खरा विरोध खाड्यांचा असतो. डोळ्यांसमोर पलीकडचं वेश्वी, डोंगरावर बाणकोटचा किल्ला, आणि जंगलजेटी नुकतीच सुटलेली. ‘पुढची केव्हा, विचारू का?’ मी म्हणालो. ‘विचारलं की वाट बघावी लागते, साडूबुवा. नाही विचारलं की नुसतं बसलेलो असतो.’ आंबेतच्या पुलावरून वळसा घालायचा तर अर्धी दुपार रस्त्यातच जाते, म्हणून नुसते बसलो. ताई तेवढ्यात तिकिटं काढून, बोटीची वेळ विचारून आणि कोकम सरबत पिऊन आल्या.

पलीकडे उतरल्यावर साडूंना वेळासची कासवं आठवली. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. दौलतीची पै न् पै लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या गावात डिसेंबर महिन्यात शिरून साडूंनी दारातल्या गृहस्थांना विचारलं, ‘पिल्लं आत्ता सोडणार की जेवणानंतर?’ गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘फेब्रुवारीनंतर या.’ ऑलिव्ह रिडले मादी वाळूत अंडी घालते आणि साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. पिल्लं समुद्राकडे धावताना बघायला गावात घरोघरी माणसं उतरतात, तीही आधी कळवून. ‘कासवसुद्धा वेळापत्रकाने चालायला लागलं!’ साडू हळहळले.

केळशी सोडली की आंजर्ल्याकडे जाणारा रस्ता पाडल्याजवळ समुद्राच्या अगदी कडेने जातो. इथे शहाणा माणूस गाडी थांबवून बघत बसतो. साडूंनी गाडी सरळ पुळणीवर घातली. ओली वाळू दिसायला सिमेंटसारखी, पण मागचं चाक फिरू लागलं आणि गाडी जागच्या जागी बसली. दुपारचा दीड वाजला होता. जाळं विणत बसलेले एक म्हातारबाबा उठून आले. चाकाकडे न बघता त्यांनी आधी बोटं मोजली. ‘आज चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनाला पाणी भरणार. गाडीला पोहता येतं काय?’ तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. शाळेत पाऊणकी पाठ करताना ती कधी गाडी वाचवील असं कुणाला वाटलं होतं?

होडी ओढायचा दोर आला, आठ-दहा माणसं आली. लाटेचा फेस डिकीखाली पोचायच्या आत गाडी रस्त्यावर होती. साडूंच्या कपाळावर एक आठी नाही. सगळ्यांशी हात मिळवून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बेत आखून आलो असतो तर ही माणसं भेटली असती का?’ याला उत्तर नाही. भेटली नसती हे खरंच आहे.

संकष्टी असल्याने आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला रांग होती. साडूंना सुरमई आठवत होती, ती ताईंच्या नजरेने परत पाठवली. पुढे हर्णैला सुवर्णदुर्ग बघता बघता दिवस मावळला. ‘खोली कुठे मिळते मग बघू’ हे वाक्य सुरू होणार एवढ्यात ताई म्हणाल्या, ‘मुरुडला त्या वडाशेजारच्या घरात विचारून बघू या का? मला आपलं सहज वाटतंय.’ ‘वाटतंय ना? मग तिथेच!’ साडू खूश. ताईंना अशी सहज वाटलेली घरं रिकामी नसली असं कधी झालेलं नाही. अंथरुणंसुद्धा माणसं मोजून घातलेली असतात.

चंद्रोदय झाला, पानं वाढली. वाफाळलेले उकडीचे मोदक आले, वर तुपाची धार. घरच्या काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘ताई, बुधवारी फोनवर एकवीसच म्हणालात, म्हणून तेवढेच केले हो.’

ताई वरच्या वाशांकडे बघू लागल्या. साडूंचा चौथा मोदक चालला होता. ‘बघितलंत साडूबुवा? न सांगता मोदक!’